भरणारा तपासत नाही

त्या औषधांच्या दुकानात जवळजवळ सगळ्याला सूट होती. उधारीला होती, चिठ्ठी घरी विसरून येणाऱ्यांना होती, काउंटरला टेकून अर्धा दिवस गप्पा मारणाऱ्यांनाही होती. सूट नव्हती ती एकाच गोष्टीला. गोळ्यांचा डबा जो भरतो, त्यानं तो तपासायचा नाही. भरणारा एक, तपासणारा दुसरा. वहिनीच्या सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हापासूनचा हा नियम, आणि ते गेल्यावरही तिनं तो तसाच चालू ठेवला. कारण साधं आहे. ज्या हातानं गोळी टाकली, त्याच माणसाचे डोळे त्या हाताची बाजू घेतात. आपल्याला जे टाकायचं होतं ते दिसतं, जे टाकलं ते दिसत नाही.

वहिनी म्हणजे या दुकानाची मालकीण. आधी धाकटा दीर वहिनी म्हणायचा, मग गिऱ्हाइकांनी ते उचललं, आणि आता तिच्या वडिलांच्या वयाची माणसंही ‘वहिनी, माझी पोटाची गोळी’ म्हणत दारात उभी राहतात. नवरा शाळेत कारकून. शाळा सुटली की तो दुकानात येऊन बसायचा आणि वहिनी माल फुकट कसा वाटते यावर रोज एकदा तरी बोलून घ्यायचा. ती ऐकून घ्यायची. ऐकून घेण्यात तिचा हात कोणी धरला नसता, ऐकल्याप्रमाणे वागण्याचं मात्र विचारू नका.

तर हे डबे. जेवणाचे नव्हेत, गोळ्यांचे. पारदर्शक प्लॅस्टिकचा पसरट डबा, आठवड्याच्या वारांचे सात रकाने, आणि प्रत्येक रकान्यात सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे. जी म्हातारी माणसं एकटी राहतात, ज्यांना रोज मूठभर गोळ्या आहेत, त्यांचा आठवडाभराचा डबा दुकानात भरायचा आणि घरपोच द्यायचा. सरकार प्रत्येक डब्यामागे दुकानाला थोडी रक्कम द्यायचं. त्यात कोणी माड्या बांधल्या नाहीत, पण दुकानातल्या कंपाउंडरचा पगार निघायचा. वहिनी भरायची, कंपाउंडर तपासायचा, झाकणावरच्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या व्हायच्या. इतकी वर्षं एकही डबा चुकीचा गेला नव्हता.

मग एक दिवस कचेरीतून कागद आला. ‘निधीची फेररचना करण्यात येत असून’ वगैरे वगैरे. फेररचना म्हणे. आपल्या घरातले तांदूळ संपले तर आपण सरळ संपले म्हणतो, जेवणाची फेररचना झाली असं म्हणत नाही. पण कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची भाषाच वेगळी. मथितार्थ इतकाच की डब्यांचे पैसे बंद. आणि सरकारी यादीतल्या औषधांपैकी जी सगळ्यात स्वस्त कंपनी असेल तिच्याच गोळीचे पैसे मिळतील, महागडी दिलीत तर वरचा भार तुमचा.

कंपाउंडरला जायला सांगितल्यावर वहिनीला दोन दिवस जेवण गेलं नाही. तो बिचारा उलट तिचीच समजूत घालत होता. त्याला मोठ्या रस्त्यावरच्या झकपक दुकानात नोकरी मिळाली. तिथे डबे भरत नाहीत, साबण आणि शाम्पू जास्त विकतात.

“आता डबे बंद कर,” नवरा म्हणाला. “सरकारला पडलेली नाही, तुला कशाला पडलीय?”

“आणि बँडमास्तरांनी काय करायचं?”

बँडमास्तर दोन गल्ल्या सोडून एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. आयुष्यभर त्यांनी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं. बायको गेली, मूलबाळ नाही, आणि सांधेदुखीनं हातांची बोटं अशी वाकून बसली की शर्टाचं बटण लागत नव्हतं. पाकिटातली गोळी दाबून बाहेर काढणं त्यांना जमतच नसे. एकदा दातांनी पाकीट फाडायला गेले आणि गोळीबरोबर चंदेरी कागदाचा तुकडाही गिळला. डब्याच्या कप्प्याचं झाकण मात्र अंगठ्याच्या कडेनं उघडता यायचं. असे बँडमास्तर एकटे नव्हते, त्या भागात घराघरात होते.

“मी आहे ना तपासायला,” आतून सासूबाई म्हणाल्या. “नाहीतरी दिवसभर भिंतीशी बोलत बसते. भिंत माझ्यापेक्षा कमी बोलते म्हणून, नाहीतर तिनंही मला हाकललं असतं.”

सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढं, पण जीभ अजून विशीत. त्यांच्याकडे जुन्या काळातलं कंपाउंडरचं प्रमाणपत्र होतं, सासऱ्यांच्या बरोबरीनं त्यांनी उभं आयुष्य या दुकानात गोळ्या मोजल्या होत्या. वहिनीला हायसं वाटलं. नियम मोडत नव्हता. पदरमोड होत होती, ती काय, व्हायचीच.

मग दर शनिवारी दुपारी मागच्या खोलीतल्या टेबलाशी दोघी बसू लागल्या. वहिनी भरायची, डबा सरकवायची. सासूबाई तो उचलून खिडकीकडे धरायच्या, जरा हलवायच्या, झाकण दाबायच्या आणि सही ठोकायच्या.

“झालं इतक्यात?” वहिनी विचारायची.

“तुझ्या हातचं काय तपासायचं? तू लग्न होऊन आलीस तेव्हा भाजीत मीठ दोनदा पडायचं, तेवढीच काय ती तुझी चूक.”

वहिनी हसायची आणि पुढचा डबा घ्यायची. बाहेर काउंटरवर घंटी वाजत असायची, उठून जावं लागायचं, परत येऊन कुठवर आलो होतो ते आठवावं लागायचं. पूर्वी तिला भरताना कोणी उठवत नसे. आता उठवणारे सगळे आणि उठणारी ती एकटी.

असे काही महिने गेले. आणि त्या शुक्रवारी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, वहिनी मागच्या खोलीतली कचऱ्याची टोपली रिकामी करायला गेली.

टोपलीत एक रिकामं पाकीट होतं. तिनं सहज नाव वाचलं, मग उजेडात धरून पुन्हा वाचलं.

ती सांधेदुखीची गोळी होती, बँडमास्तरांची. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, फक्त रविवारी. बाकीचे दिवस तिच्या जोडीला एक साधी जीवनसत्त्वाची गोळी असते. आठवड्यातून एकदा घेतली तर ही बाई गुणाची, सांधे धरून ठेवते. रोज घेतली तर अंगात रक्त तयार होणंच थांबवते. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात हे शिकवतात, इतकी ती बदनाम. तिचं सहा गोळ्यांचं पाकीट दीड महिना पुरायला हवं. हे पाकीट तिनं गेल्या शनिवारीच फोडलं होतं.

वहिनीनं बँडमास्तरांचा खण ओढला. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं पाकीट तिथं जवळजवळ शाबूत होतं. एकच गोळी गेली होती.

पूर्वी एक गोळी पिवळी होती आणि दुसरी पांढरी. आता स्वस्त कंपनीच्या दोन्ही आल्या होत्या, दोन्ही पिवळ्या, दोन्ही मसुराच्या दाण्याएवढ्या. शनिवारी भरताभरता घंटी वाजली असणार, ती उठली असणार, परत येऊन तिनं पाकिटं उलटसुलट उचलली असणार. रविवारच्या कप्प्यात जीवनसत्त्व गेलं आणि बाकी सगळ्या सकाळी ही.

रविवारनंतर आज शुक्रवार उजाडला होता.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तिला आठवलं की बँडमास्तर रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला दुकानात येतात आणि गेले तीन दिवस ते आलेच नाहीत. तिला वाटलं होतं, बरं झालं, आज कामं उरकतील. असं वाटलं होतं तिला.

“काय गं, काय झालं?” सासूबाई दारात उभ्या होत्या.

वहिनीनं दोन्ही पाकिटं त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी ती नाकापाशी नेली, मग लांब धरली, मग पुन्हा जवळ आणली. मग त्यांनी पाकिटांवरून बोट फिरवलं, जणू बोटाला वाचता येतं.

“कुणाचं?” त्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

“बँडमास्तर.”

सासूबाईंनी चप्पल शोधायला सुरुवात केली. वहिनीनं शटर ओढलं आणि दोघी निघाल्या. सासूबाईंनी तिचा दंड धरला होता. पदपथाची कड आली की त्या पाय हवेत धरून अंदाज घ्यायच्या, मग टेकवायच्या. वहिनीच्या अंगात नुसती आग लागली होती. तिला पळायचं होतं आणि दंडाला सासू लटकली होती.

पहिल्या वळणावर सासूबाई थांबल्या. “तू पळ. माझ्यापायी थांबू नकोस. मी बसते इथं पायरीवर.”

वहिनी पळाली. बावन्न वर्षांची बाई, अंगावर दुकानाचा पांढरा कोट, लोक वळून बघत होते. आणि पळताना तिच्या मनात बँडमास्तर कमी आणि दुसरंच जास्त येत होतं. सासूबाईंनी परवा दुधाच्या पातेल्याशेजारी ओट्यावरच दूध ओतलं होतं, तेव्हा ‘असू द्या, मी पुसते’ म्हणून तिनं घाईघाईनं फडकं मारलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी जावेला मोलकरीण समजून हाक मारली, तेव्हा तिनंच हसून विषय बदलला होता. डोळे तपासून आणू या, असं तिच्या ओठांवर कितीदा आलं असेल आणि कितीदा तिनं ते गिळलं असेल. कारण डॉक्टरनं सांगितलं असतं की दिसत नाही, आणि मग चिठ्ठीवर दुसरी सही कोण करणार होतं? हे सगळं तिला आज कळलं असं नाही. आज फक्त कानाडोळा करायला जागा उरली नव्हती.

ती जिना चढून गेली आणि दार ठोठावलं. आतून काही नाही. पुन्हा ठोठावलं, हाका मारल्या. शेजारचं दार उघडून कोणीतरी डोकावलं आणि म्हणालं की काल रात्री खोकल्याचा आवाज येत होता. मग आतून पाय ओढत कोणीतरी आलं, कडी बराच वेळ खुडबुडली, वाकड्या बोटांना ती सरकत नव्हती. वहिनीला ते दार दातांनी उघडावंसं वाटत होतं.

बँडमास्तरांचे ओठ सुजले होते. तोंडाच्या कडांना रक्त वाळलं होतं. दंडावर निळे डाग होते, कुठे आपटल्यासारखे.

“या वहिनी,” ते जेमतेम बोलले. “तोंड आलंय सगळं. तीन दिवस घास गिळवत नाही. पण गोळी एक चुकवली नाही हं. रडत रडत घेतली, पण घेतली. तुम्ही एवढं भरून देता, मी टाकायची म्हणजे काय.”

टेबलावर डबा होता. शुक्रवार सकाळचा कप्पा उघडा आणि रिकामा होता. वहिनीनं डबा उचलून सोबत घेतला.

टॅक्सीत बसून इस्पितळात जाईपर्यंत वहिनी ड्रायव्हरला घाई करत होती. बँडमास्तर तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसले होते आणि अधूनमधून विचारत होते, एवढ्यासाठी इस्पितळ कशाला, तोंडाला लावायला काही मलम नाही का तुमच्याकडे. दारातच भेटलेल्या डॉक्टरला बाजूला घेऊन तिनं एका दमात सगळं सांगितलं: कोणती गोळी, किती, किती दिवस, कोणी भरली. डॉक्टर तरुण होती. तिनं प्रश्न न विचारता धावपळ सुरू केली, रक्त काढायला लावलं, उताऱ्याचं इंजेक्शन मागवलं. मग पडदा ओढला गेला आणि वहिनी बाकावर बसली.

नवरा सासूबाईंना घेऊन आला तेव्हा दिवे लागले होते. तो तिच्याशेजारी बसला. नेहमीचं काहीतरी बोलेल असं तिला वाटलं, पण त्यानं फक्त तिच्या कोटाची वर गेलेली बाही खाली ओढून दिली. तिला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि त्याचाच रागही आला.

डॉक्टर बाहेर आली. हातात तो डबा होता.

“रक्तातल्या पेशी खूप खाली गेल्यात. पण पूर्ण संपलेल्या नाहीत. इंजेक्शन वेळेत पडलंय. पुढचे काही दिवस कठीण आहेत, मी आत्ता काही कबूल करणार नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर बोलायलाच काही उरलं नसतं.” मग तिनं झाकणावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. “इथं दोन सह्या आहेत. भरलं तुम्ही. तपासलं कोणी?”

“मी,” सासूबाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. “मी तपासलं. मला दिसत नाही, डॉक्टरीणबाई. वर्ष झालं असेल. घरात कुणाला कळू दिलं नाही मी. हिला वाटत होतं सासू बघतेय, म्हणून ही निर्धास्त होती. जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. हिचा काही दोष नाही.”

डॉक्टर सासूबाईंकडे बघत राहिली. तिचा चेहरा जरा मऊ झाला. म्हाताऱ्या बाईला कोण काय करणार? फार तर बोलणी बसली असती. दुकान राहिलं असतं, परवाना राहिला असता. सासूबाईंनी हे सगळं त्या पायरीवर बसून नीट जुळवून आणलं होतं, हे वहिनीला लख्ख कळलं. तिनं आता फक्त मान खाली घालून बसायचं होतं.

“मला माहीत होतं,” वहिनी म्हणाली.

“गप्प बस,” सासूबाई म्हणाल्या.

“यांना दिसत नाही हे मला माहीत होतं. यांनी लपवलं आणि मी लपवू दिलं. दुसरी सही लागायची, म्हणून.”

“अगं गप्प बस म्हणते ना.” सासूबाईंनी तिचा दंड पकडायला हात पुढे केला, तो बाकाच्या पाठीवर पडला. नवरा खाली फरशीकडे बघत होता.

डॉक्टरनं डबा बगलेत धरला. “मला हे वरती कळवावं लागेल.”

“कळवा,” वहिनी म्हणाली. “आणि मला त्यांना भेटू द्या. त्यांना अजून माहीत नाही.”

बँडमास्तर पलंगावर उशाला टेकून होते. हातात सुई खोचलेली, तोंडात कसलंसं जांभळं औषध लावलेलं. वहिनीनं स्टूल ओढलं आणि सांगितलं. काही आडपडदा ठेवला नाही, पिवळ्या गोळ्या, घंटी, सासूबाईंचे डोळे, स्वतःचं गप्प बसणं, सगळं.

त्यांनी उशीवरून मान तिच्याकडे वळवली.

“म्हणजे मी गेलो असतो.”

“हो.”

“रोज सकाळी तुमचं नाव घेऊन खायचो मी ती.”

वहिनीनं मान हलवली. यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

“आणि आता?” त्यांनी विचारलं. “शनिवारचा डबा?”

“डबे बंद केलेत मी. आजपासून सगळ्यांचे. आज रात्री घरोघर जाऊन आधीचेही परत घेणार आहोत. एकटीनं भरायचे नाहीत, आणि दुसऱ्या माणसाचा पगार मला परवडत नाही. तुम्हाला पाकिटंच घ्यावी लागतील.”

बँडमास्तरांनी पांघरुणावरचे आपले दोन्ही हात उचलून तिच्यापुढे धरले. बोटं सगळी एका बाजूला कललेली, अंगठा तेवढा जागेवर. त्यांनी ती हलवून दाखवायचा प्रयत्न केला. रागानं नव्हे, एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तसं.

“मग मला वाचवून घरी कशाला पाठवताय, वहिनी?”

तिनं ते हात आपल्या हातांत घेतले. ते उत्तराची वाट बघत होते.